मामानं भरलेला बार

मामाच्या घरी बंदूक एकच होती आणि ती भरायचा हक्क एकाच माणसाला होता. परवाना मामाच्या नावाचा, म्हणून काडतूसही मामाच्याच हातानं नळीत जायचं, मग मारणारा कुणी का असेना. मामा काडतूस घालायचा, नळी बंद करायचा, बंदूक एकदा कपाळाला लावायचा आणि मग मारणाऱ्याच्या हातात द्यायचा. मारणाऱ्यानं ती उघडून बघायची नाही. उघडून बघणं म्हणजे भरणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. वाडीत आणखी चार-पाच घरी ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांच्यातही हीच रीत. भरणारा मोठा, मारणारा लहान. मामाला तोंडावर मी अहो-जाहो करायचो. इथं लिहिताना करत नाही. कुणाला खटकलं तर खटकू दे.

आमची वाडी घोटीच्या वर, डोंगराच्या पोटात. बाप लवकर गेला, तेव्हा आई मला घेऊन भावाच्या दारात आली आणि तिथंच राहिली. मामी वाईट नव्हती, पण भांडं आपटायची ते आम्हाला ऐकू जाईल असंच आपटायची. पहाटे जात्यावर नागली पडायची, आई आणि मामी समोरासमोर बसून ओढायच्या, दोघींचं पटत नसलं तरी जातं फिरायला दोघी लागायच्या. सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. दुपारी भात आणि कुळथाचं पाणी. बाजाराच्या दिवशी घोटीवरून सुकट यायची, तेव्हा सगळ्या घराला तिचा वास. दूर देवळाली कॅम्पाकडून तोफांचा आवाज यायचा, दमदार, पोटात बसणारा, आणि कोंबड्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या उडायच्या. मामाची एकुलती एक मुलगी सुमन. कोंबड्या गोळा करत ती मला म्हणायची, "किसन, तूबी त्यांच्यावाणीच दचकतो, फक्त उडत नाय." मामाची पोरगी म्हणजे आपली, असं आमच्याकडं धरूनच चालतात. कुणी बोललं नव्हतं. मी धरून चाललो होतो.

माग काढायला मला मामानंच शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, असं शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बार झाला की पहिली गोष्ट म्हणजे जागचं उठायचं नाही. तीन विड्या होईपर्यंत बसायचं. जखमी जनावराला पाठलाग नाही असं वाटलं तर ते जवळच बसतं, आणि बसलं की पुन्हा उठत नाही. लगेच मागं लागलं तर दोन डोंगर पळतं. मग बार बसला त्या जागी जाऊन आधी केस शोधायचे. मोठी गोळी लागली असली तर केसांचा झुपकाच कापून पडतो. मग रक्त. लाल, फेस असलेलं असलं तर फुप्फुस, जनावर जवळच आहे. काळपट असलं तर काळीज, थोडं थांबून जा. हिरवट आणि घाण वास मारणारं असलं तर आतडं, मग संध्याकाळपर्यंत बसून राहा. आमच्याकडं कारवीचं रान. माणसाच्या डोक्याच्या वर दाट, दोन हातांवरचं दिसत नाही. अशा रानात रक्त जमिनीवर शोधायचं नसतं, पानांवर शोधायचं. जनावर कारवीतून घासत जातं आणि जखम ज्या उंचीला असेल त्या उंचीला पानं पुसत जातं. एका अंगाला रक्त असलं तर गोळी आत राहिली. दोन्ही अंगांना असलं तर आरपार गेली. मामा पानाला हात न लावता खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "पानाला शिवायचं नाय. पान म्हंजे साक्षीदार हाय आपला."

आता शिकार बंद आहे, आणि ती असावी. माझा नातू मला विचारतो, आजोबा, तुम्ही हरणं मारायचात? मी म्हणतो, मारायचो, आणि खायचो. त्याला वाईट वाटतं. मलाही वाटतं, पण त्याला वाटतं त्या कारणानं नाही.

काडतुसं परवान्यावर मोजून मिळायची. मामाकडं दोन जाती असायच्या. चार नंबरचा बारीक छर्रा, कवड्या-तितरांसाठी. आणि बॉल, म्हणजे एकच मोठी गोळी, डुकरासाठी, सांबरासाठी. काडतुसं कागदाची, आणि आमचा पाऊस चार महिने थांबत नाही. कागद फुगला की काडतूस नळीत जात नाही. म्हणून मामा प्रत्येक काडतुसाच्या तोंडावर मेणबत्ती ओतायचा. मेणानं वरचा आकडा झाकला जायचा, म्हणून बॉलच्या बुडाला गेरूचा ठिपका द्यायचा. ठिपका असला तर बॉल, नसला तर छर्रा. ही खूण घरातल्या सगळ्यांना माहीत होती.

त्या वर्षी भातं कापायच्या सुमाराला देवळाली कॅम्पातले एक ठेकेदार आमच्या घरी दोनदा आले. लष्कराला भाजीपाला पुरवायचे. अंगात कोट, पायात बूट, आणि शिकारीचं वेड. मामीनं त्यांच्यासाठी कोंबडा कापला, मला पाणी शेंदायला लावलं. जेवताना ते सुमनकडं बघून म्हणाले, "मुलगी कामाची दिसते." मी ऐकलं, पण त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, घरी आलेला माणूस असं बोलतोच.

भात झोडपताना मामाच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा सुजून बंद झाला. आणि चारच दिवसांवर वाडीचा हाका. वर्षातून एकदा सगळी वाडी डब्बे वाजवत रान उठवायची आणि बंदूकवाले वरच्या खिंडींत बसायचे. सगळ्यांत म्हातारे होते सखाराम बाबा. ते मामाला सगळ्यांसमोर म्हणाले, "धोंडू, तुझा डोळा गेला तर भाचा हाय की. एकोणीस वर्षांचा घोडा झाला. उभा कर त्याला."

मामा म्हणाला, "त्याला अजून जमायचं नाय."

"मग काय लग्नात जमवायचंय?" बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. मामाला नाही म्हणता येईना.

हाक्याच्या सकाळी मामानं काडतूस घातलं. घालण्याआधी त्याचं बूड माझ्यापुढं धरलं. गेरूचा लाल ठिपका. "बॉल हाय," तो म्हणाला. "एकच बार. वाया घालवू नको." बंदूक कपाळाला लावली आणि मला दिली. मला बसवलं डावीकडच्या टोकाच्या खिंडीत. तिथून जनावर कधीच जात नाही हे मला माहीत होतं. मला वाटलं, पहिली वेळ आहे, मामा मला सांभाळतोय.

सांबर माझ्याच खिंडीतून आलं. मोठं, काळं, मानेला आयाळ असलेलं नर सांबर. डब्ब्यांचा आवाज खाली राहिला आणि ते माझ्यापुढं पंधरा पावलांवर आडवं थांबलं, कान मागं करून. मी खांद्याच्या मागं नेम धरला आणि बार टाकला. सांबर पडलं नाही. त्यानं अंग झटकलं, ओल्या कुत्र्यानं झटकावं तसं, आणि कारवीत घुसलं. मी बसून राहिलो. मी विडी ओढत नव्हतो, म्हणून तीन विड्यांचा वेळ मनातल्या मनात मोजला. तेव्हाच मला काहीतरी बोचायला लागलं होतं. बॉल लागलेलं जनावर कुबड काढतं, गुडघा टेकतं, उडी मारतं. अंग झटकत नाही.

आमच्या वाडीचा नेम असा होता की ज्याच्या बारानं जनावर जखमी होऊन रानात गेलं, त्यानंच ते काढून द्यायचं. नाही काढलं तर त्यानं पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. जखमी जनावर किड्यांच्या तोंडी सोडणं याच्याइतकं हलकं काम आमच्यात दुसरं नव्हतं. त्यामुळं ते सांबर मला सापडायलाच पाहिजे होतं. ते नाही सापडलं तर माझा पहिला बार हाच शेवटचा.

मामा आला. मी जागा दाखवली. तिथं केसांचा झुपका नव्हता. सुटे केस होते, एक इथं, एक तिथं, हातभर जागेत पसरलेले. मी कारवीत शिरलो. पहिल्या पानावर रक्ताचा ठिपका, मोहरीएवढा. छातीच्या उंचीला. दोन पावलांवर दुसरा ठिपका, मांडीच्या उंचीला. मग एक पोटाच्या उंचीला, मग मानेच्या. मी थांबलो. एका गोळीला एकच भोक असतं. हे जनावर मानेपासून मांडीपर्यंत टोचलं गेलं होतं. मामानंच मला शिकवलेलं सगळं माझ्यापुढं पानापानावर लिहिलेलं होतं, आणि ते एकच सांगत होतं. त्या नळीत छर्रा होता.

मला वाटलं, चूक झाली असेल. एका डोळ्यानं ठिपका चुकीच्या काडतुसाला लावला असेल. मामाला सांगू म्हणून मी मागं वळलो. मामा माझ्या मागं सहा-सात पावलांवर होता. एका पानापुढं वाकला होता. त्यानं ते पान हातात घेतलं, अंगठ्यानं पुसलं, आणि अंगठा धोतराला पुसला. मग पुढचं पान. तेही पुसलं. सुजलेला डोळा मिटलेला, चांगला डोळा बारीक करून, सावकाश, जसं कुणी ताट पुसावं तसं. मी बघतोय हे त्याला कळलं नाही.

मी म्हणालो, "मामा, काय हाय तिथं?"

"काय नाय. पानं सडलीत." तो सरळ उभा राहिला. "माग खाली गेलाय, वहाळाकडं. चल."

माग वर गेला होता. खुराची खूण वरच्या अंगाला ताजी होती, माती अजून ओलसर उकरलेली. मी ती बघितली. मामानंही बघितली. "वर न्हाय का, मामा?" मी म्हणालो. तो म्हणाला, "तू मला शिकवतो का?" आवाज चढवून नाही. हळू. आणि खाली निघाला.

मी त्याच्या मागं खाली गेलो. हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नाही. माग वर जातोय हे माहीत असून मी खाली गेलो. मी ज्या घरात जेवत होतो ते घर त्याचं होतं. आई त्या घरात भांडी घासत होती. आणि सुमन त्याची होती. वहाळात दोन तास दगड उलटत आम्ही नाटक केलं. दोघांनाही ठाऊक होतं की सांबर वरच्या रानात कुठंतरी धापा टाकत बसलंय.

संध्याकाळच्या आत सगळे मामाच्या अंगणात जमले. दुसऱ्यानं एक भेकर मारलं होतं, त्याचा रस्सा शिजत होता. सखाराम बाबांनी विचारलं, "बार काय होता?"

"बॉल," मामा म्हणाला.

बाबा माझ्याकडं वळले. "पोरा, बॉल होता?"

आई दारात उभी होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं. मी मामाकडं बघितलं. तो रश्श्याकडं बघत होता.

"मामानं भरला म्हंजे बॉलच," मी म्हणालो.

"मग पंधरा पावलांवरून बॉल मारून सांबर सोडलं?" कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यानं लगेच बारसं केलं, "सोड्या!" सगळे हसले. माझ्या वाट्याला रस्सा आला, पण मी तो खाऊ शकलो नाही. नेमाप्रमाणं त्या दिवसापासून माझा बंदुकीशी संबंध संपला. पाचव्या दिवशी वरच्या रानावर गिधाडं उतरली. मी धावत गेलो, पण बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कातडं फाटून गेलं होतं. शिंगं मी तिथंच ठेवून आलो.

मामानं असं का केलं हे मला लवकरच समजलं. म्हणजे मला वाटलं की समजलं. त्याच्याकडं बॉल शिल्लक नसेल आणि लोकांपुढं कबूल करायची लाज वाटली असेल. म्हणून छर्ऱ्यालाच गेरू लावला आणि जिथून जनावर जात नाही तिथं मला बसवलं. सांबर त्याच्या हिशेबाच्या बाहेरून आलं. पुढं होळीनंतर त्यानं सुमन मला दिली. थोडी घाईनंच दिली. मी म्हटलं, त्याचं मन त्याला खातंय, फेड करतोय. मांडवातसुद्धा लोक म्हणाले, "सोड्या, हिला तरी सोडू नको." सुमन खाली मान घालून बसली होती.

मग आम्ही नाशिकला आलो. सातपूरला कारखान्यात मी माल उचलला, ती इंदिरानगरात चार घरची धुणीभांडी करायची. त्याच इंदिरानगरात आता मुलाचा फ्लॅट आहे. वाडीला लग्नाकार्याला गेलो की सोड्या. मामा म्हातारा झाला तेव्हा त्याला आमच्याकडं आणलं, मी त्याला आंघोळ घातली, त्याचा अंगठा माझ्या हातात असायचा आणि मी साबण लावायचो. सुमन दारातून बघायची आणि म्हणायची, "तुमच्यासारखा जावई कुणाला मिळत नाय." मी तिला कधी सांगितलं नाही. बापाबद्दल पोरीच्या मनात काय आहे ते तसंच राहावं, एवढं एक मी तिला आयुष्यभर दिलं असं मला वाटायचं. साडी-दागिने देता आले नाहीत. हे दिलं.

गेल्या पावसाळ्यात ती दवाखान्यात होती. वाडीचा एक माणूस शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला बघायला आला होता. मला ओळखून जोरात म्हणाला, "अरे सोड्या, तू इथं!" हसला, दोन केळी सुमनच्या उशाला ठेवली आणि गेला. दुपारची वेळ होती. पंखा फिरत होता. सुमन छताकडं बघत म्हणाली, "एवढं वय झालं तरी सोड्याच म्हणतेत मेले." थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या बाबांकडं त्या दिवशी बॉल नव्हताच."

मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय. माझ्याच फडक्यात बांधून दिले होते मी. होते ते तिन्ही बॉल. कॅम्पातल्या त्या ठेकेदाराला. बाबा म्हणाले, शिकारीचा शौकीन माणूस हाय, दिलं तर त्याचं पोरगं दाखवायला आणेल." तिला धाप लागली. "आणलंच नाय त्यानं. होळीला निरोप आला, पोरगी काळी हाय म्हणून."

मी विचारलं, "हाक्याच्या दिवशी तुला माहीत होतं? मी बंदूक घेऊन निघालो तेव्हा?"

"गेरू मीच उगाळून दिला होता की."

अंगणात मला सोड्या म्हणाले तेव्हा ती वाढत होती. माझ्या ताटात रस्सा तिनंच वाढला होता.

"मग बोलली का नाहीस? तेव्हा नाही तर नंतर. पन्नास वर्षं, सुमन."

"काय बोलू? तुमी बाबांना जाब विचारला असता. मग मला ठेवलं असतं का तुमी?" मग माझ्याकडं मान वळवून म्हणाली, "आन् तुमालाबी ठावं होतं. तुमी काय आंधळे न्हवते. तुमी तरी कुठं बोलला?"

मी उठून बाहेर गेलो. दवाखान्याच्या फाटकापाशी चहा घेतला आणि तो टाकून दिला. मी गप्प राहिलो होतो तो तिच्यासाठी. ती गप्प राहिली होती ती बापासाठी, नाहीतर स्वतःसाठी. आणि त्या ठेकेदाराच्या पोरानं होकार दिला असता तर ती गेली असती, आणि मी वाडीत सोड्या म्हणूनच मेलो असतो, हेही तिला माहीत होतं. मला फेड वाटली होती ती फेड नव्हतीच. तिला दुसरीकडं कुणी घेतलं नाही म्हणून ती मला दिली होती.

मी परत खाटेपाशी आलो, पण बोललो नाही. रात्री मुलगा थांबायचा, दिवसा मी. दुसऱ्या दिवशी तिला पाणी पाजलं, पाय दाबले, कूस वळवली, सगळं केलं. बोललो नाही. ती एकदा म्हणाली, "अहो, बोला की." मी औषधाची बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचत बसलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी त्यावेळी सतरा वर्षांची होते." मी तेही ऐकलं आणि खिडकीचा पडदा ओढला. ऊन तिच्या तोंडावर येत होतं म्हणून ओढला, पण तिला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा मुलगा दारातच उभा होता. मी येताना रस्त्यात ठरवलं होतं की आज बोलायचं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. रागावूनच बोलणार होतो, पण बोलणार होतो. तिच्या डोक्यावरून पांघरूण ओढलेलं होतं. मी ते खाली केलं आणि नर्सबाई ओरडेपर्यंत तिच्याशी भांडलो.